मण्यातला बैल

नातीच्या शाळेत यंदा एक आगळाच गृहपाठ मिळाला. हातानं बारा मणी करून आणायचे. मणी प्राण्याच्या आकाराचे हवेत, प्राणी एकच निवडायचा, पण एकही मणी दुसऱ्यासारखा असता कामा नये. नात पाचवीत. शाळा कानडी, घर मराठी. तिनं बैल निवडला. ते साहजिकच होतं, कारण ज्येष्ठाची अमावास्या दोन दिवसांवर आली होती. आमच्या चिटगुप्प्यात शेजारच्या कानडी घरी त्या दिवशी मातीची बैलजोडी करून पुजतात. ‘मण्णेत्तिन अमावास्ये’ म्हणतात तिला. त्याआधी पंधरा दिवस, पौर्णिमेला, कारहुणवी होऊन गेलेली असते. आमचा पोळा पुढं दोन महिन्यांनी. म्हणजे बैलाचा सण आमच्या गल्लीत वर्षातून तीनदा येतो. बैल मात्र गल्लीत आता एकही उरलेला नाही.

शेजारच्या अव्वांनी आपली जोडी झाल्यावर उरलेली माती पोरीला दिली. काळी, चिकट, बारीक राख घालून चांगली मळलेली. पोरीनं सुपारीएवढा गोळा घेतला, दोन शिंगं ओढली, वशिंडाचा उंचवटा चिमटीत धरून वर काढला. बैल झाला. मग खराट्याची काडी हातात घेऊन तिनं विचारलं, “आजोबा, भोक कुठं पाडू?”

मी जन्मभर शाळेत शिकवलं. मास्तराला उत्तर द्यायला वेळ लागत नाही. “पोटातून पाड की, ह्या कुशीतून त्या कुशीत. सरळ बसंल.”

तिनं काडी खाली ठेवली. “त्याला दुखंल की ओ.”

“मातीला कुठं दुखतंय?”

“मग तुम्ही पाडा.”

आणि वाचकहो, खरं सांगतो, काडी हातात घेतली पण ती पुढं जाईना.

आता यात विचार करण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. मीही आधी तेच म्हणालो. पण मूर्ती आणि मणी यांत एक फरक आहे, तो तोवर माझ्या ध्यानात आला नव्हता. मूर्ती जागेवर बसते, तिला कुणाशी बांधून घ्यायचं नसतं. मण्याला माळेत जायचं असतं, आणि त्यासाठी अंगातून दोरा जाऊ द्यावा लागतो. साध्या गोल मण्याला भोक पाडताना काहीच वाटत नाही. गोलाला तोंड नाही, पोट नाही. त्याला डोळे काढले की लगेच प्रश्न उभा राहतो. जीवाचा आकार द्यायचा आणि मग त्याच जीवातून काडी आरपार घालायची, हे करायचं कोणत्या तोंडानं?

माणसानं हे फार जुन्या काळापासून केलेलं आहे. थायलंडात बान डोन ता फेत नावाच्या ठिकाणी इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या सुमाराचं दफनस्थळ सापडलं. तिथं तांबड्या अकीकाचा, झेप घेणारा एक चिमुकला सिंह मिळाला आहे, दोऱ्यात ओवायचा. अकीकाचं काम गुजरातेत खंबायतेला आजही चालतं. दगड भाजून तांबडा करतात, घासतात, आणि भोक दोन्ही बाजूंनी पाडत मध्ये गाठ घालतात. गाठ चुकली की आतल्या आत भोकाला पायरी पडते. दगडाचं काम करणाऱ्याला ‘दुखंल की’ म्हणायला सवड नसावी. त्याचं सगळं लक्ष ते दोन रस्ते एकमेकांना भेटतात की नाही याकडं.

पण मातीचा बैल म्हटला की मला आठवतं इनामगाव. पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून १९८३ पर्यंत तिथं उत्खनन केलं. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. तिच्यात एक देवी, तिच्याबरोबर शीर नसलेली आणखी एक, आणि एक बैल. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची ही माती. त्या बैलाच्या पाठीला छिद्र आहे, बिनशिराच्या देवीलाही आहे. मध्ये काडी घातली की देवी बैलावर बसते. म्हणजे बैलाला भोक पाडल्यावाचून देवीलासुद्धा बसायला जागा नव्हती. ज्या कुणी ते पाडलं त्याच्याही घरी एखादी नात असेल, तिनंही काही विचारलं असेल. असो.

पोरीनं हार मानली नाही. तिचं म्हणणं असं, की भोक पाडायचंच नाही, बैलाच्या अंगातच वाट शोधायची. मांजर असती तर सोपं होतं, अंगाची चुंबळ केली की झालं. सापाचंही तेच. बैल मोठा अवघड. तो ताठ उभा राहणारा प्राणी, स्वतःभोवती वळत नाही. शेवटी तिनं चार पाय खाली आणून जुळवले आणि पोटाखालून जी फट राहिली तिच्यातून दोरा घालायचं ठरवलं. मलाही ते पसंत पडलं. मणी सावलीत वाळला, दोऱ्यात घातला, दोन्ही टोकं धरून उचलली. बैल गरकन उलटा झाला. चारही पाय आभाळाकडं.

पोर हसली, मग हसायची थांबली. आमच्या भागात असा बैल म्हणजे काय, हे तिलाही ठाऊक आहे.

दोष तिचा नव्हता. वजन दोऱ्याच्या वर राहिलं की मणी फिरणारच. दोरा वजनाच्या वरच्या अंगाला हवा, मगच बैल पायांवर लोंबतो. पोटातून पाडलं तर कसाबसा तोल राहतो, तोही कधी इकडं कधी तिकडं. निर्धास्त अशी एकच जागा निघाली, वशिंड. त्यासाठी वशिंड जाड करावं लागलं, नाहीतर वाळताना माती आखडते, भोकही आखडतं आणि कडेला तडा जातो. तीन मणी तसे गेले, दोन गोवऱ्यांच्या आगीत फुटले. आत ओल राहिली होती.

वशिंड! त्याच्याच पुढ्यात तर जू बसतं.

आमच्या गोठ्यात पवळ्या नावाचा बैल होता. देवणी. देवणीत तीन प्रकार: वानेरा, त्याचं अंग पांढरं आणि तोंडाच्या बाजू काळ्या, बालंक्या, त्याला पोटाच्या बाजूला खाली काळे ठिपके, आणि शेवरा, त्याला ठिपके वेडेवाकडे, जणू कुणी बोटं झटकली. पवळ्या शेवरा. (पोरीनं बारा बैल वेगळे केले ते या तिन्हींच्या, लाल कंधारीच्या आणि लांब शिंगांच्या खिलारीच्या जोरावर.) देवणी हे नाव लातूर जिल्ह्यातल्या गावाचं, पण बैल बीदरचाही तितकाच. १ नोव्हेंबर १९५६ रोजी उदगीर, निलंगा तिकडं गेलं. भालकी, हुमनाबाद इकडं राहिलं. ठिपके दोन्हीकडं तेच राहिले.

पवळ्याला वडिलांनी वेसण घातली तेव्हा शिंगं मी धरली होती. गोऱ्ह्याला पाडलं होतं, चौघेजण अंगावर. दाभण नाकाच्या पडद्यातून गेलं, आणि वडील म्हणाले, “ओव रे दोरी.” हळद-तेल लावलेली दोरी मी ओवली. तो ओरडला नाही, नुसता श्वास सोडला, माझ्या मनगटावर. त्याच दोरीच्या जोरावर शेत पिकलं, त्यातून माझ्या थोरल्या लेकीचं शिक्षण झालं. दर पोळ्याला आम्ही त्याला हिंगूळ लावला, झूल घातली, गळ्यात घुंगरमाळ बांधली, पुरणपोळी चारली. हे ढोंग नव्हतं. २०११ साली भाड्याचा ट्रॅक्टर परवडायला लागला आणि आम्ही पवळ्याला बाजारात नेलं. घुंगरमाळ आम्ही काढून ठेवली. वेसण त्याच्याबरोबर गेली.

मातीला दुखत नाही हे माझं उत्तर खोटं नव्हतं, पण ते चुकीच्या प्रश्नाचं होतं. प्रश्न मातीचा नव्हता, हाताचा होता. हाताला कशाची सवय लावायची, हे पोर विचारत होती. आणि भोकच नको हे तिचं उत्तर मला गोड वाटलं तरी पुरतं पटत नाही. गेल्या कित्येक वर्षांत आमच्या गल्लीत कुणी गोऱ्ह्याचं नाक टोचलेलं नाही. याला दया म्हणायचं का? आम्ही नाक टोचणं सोडलं त्याचबरोबर बैल पाळणंही सोडलं. ज्याच्याशी काही बांधून घ्यायचं नाही त्याला भोक पाडावं लागत नाही, तो कपाटात काचेमागं सुखानं उभा राहतो. दुसऱ्या बाजूनं हेही म्हणवत नाही, की मण्याचा तोल वशिंडात आहे म्हणून बैलाला जू शोभतं. मातीच्या वजनातून न्याय निघत नाही. मला एवढंच दिसतं, की भोक पाडलं तर ते उघड दिसू द्यावं. गोंड्याखाली लपवून वर गंध लावू नये. आम्ही ते वर्षानुवर्षं केलं.

कानडीत एत्तु म्हणजे बैल, आणि एत्तु म्हणजे उचल. मणि म्हणजे मणी, आणि मणि म्हणजे वाक, नम. हे पोरीनंच मला दाखवलं, दोरा ओवताओवता, अगदी सहज. दोन भाषांच्या घरात असा फुकटचा लाभ होतो कधीकधी.

अकरा मणी तिनं वशिंडातून ओवले. काडी तिनंच घातली, प्रत्येक वेळी दुसऱ्या हातानं बैलाचं तोंड झाकून. बारावा, शेवरा, तसाच ठेवला. शाळेत बाईंनी अकराच मोजले, तर ती म्हणाली, बारावा आहे, पण घरी आहे.

माळ आता घुंगरमाळेच्याच खिळ्यावर आहे. बारावा कोनाड्यात. त्याचं काय करायचं ते पुढच्या वर्षी ठरवणार म्हणते. तोही इतरांबरोबर आगीत भाजून निघालेला आहे, त्याच्यात आता काडी शिरायची नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.