भोग म्हणण्याआधी

घनसावंगी तालुक्यातल्या तीर्थपुरीत काय किंवा आसपासच्या कुठल्या गावात काय, साठी ओलांडलेल्या माणसाची कंबर धरली की पहिलं उत्तर ठरलेलं असतं: वय झालं, जन्मभर रानात वाकून कामं केली, आता भोग आहे तो भोगायचा. हे नुसतं अज्ञान म्हणून उडवून लावता येत नाही. याच तालुक्यातल्या जांब गावी १६०८ साली जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या तिसऱ्या दशकात देहातून उपजणाऱ्या दुःखांना आध्यात्मिक ताप म्हटलं आणि देहव्याधींची लांबलचक यादीच दिली. ताप म्हणजे जो जाणवतो तो. अस्थिमज्जेतल्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग, मल्टिपल मायलोमा, इथेच अडचणीत टाकतो. तो कित्येकदा वर्षानुवर्षं जाणवतच नाही, आणि जाणवतो तेव्हा साध्या कंबरदुखीसारखा, अशक्तपणासारखा. मग काही दुखत नसलेल्याला रोगी म्हणायचं का? आणि ज्याचं दुखतंय त्याचं दुखणं प्रारब्धाच्या खात्यावर कोणत्या आधारावर टाकायचं? माझं म्हणणं असं, की प्रारब्ध हा फार तर तपासाच्या शेवटी काढायचा निष्कर्ष आहे. तपास न करण्याचं ते कारण होऊ शकत नाही.

तपासात काय होतं ते पाहू. रक्तातली प्रथिनं विजेच्या प्रवाहात वेगळी केली, की निरोगी माणसाच्या आलेखात प्रतिपिंडांच्या जागी पसरट उंचवटा दिसतो, कारण ती नाना पेशींनी बनवलेली नाना तऱ्हेची असतात. एकाच पेशीचा वंश बेसुमार वाढला तर त्या जागी टोकदार सुळका उभा राहतो. मग कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून मज्जेचे थेंब काढतात, काचेवर पसरून रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजतात. प्लाझ्मा पेशी अंडाकृती, तिचं केंद्रक एका कडेला सरकलेलं. अशा एकाच वंशाच्या पेशी मज्जेत दहा टक्के वा अधिक असल्या, आणि जोडीला कॅल्शियम वाढलेलं, मूत्रपिंड बिघडलेलं, रक्त कमी झालेलं किंवा हाडं पोखरलेली असली, तर मायलोमाचं निदान होतं.

यावर तत्त्वज्ञ विचारेल, नऊ टक्क्यांना रोग नाही आणि दहाला आहे, हे सृष्टीत कुठे लिहिलंय? कुठेच नाही, रेघ माणसानंच ओढलेली आहे. पण ती मनमानी नाही. २०१४ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटानं ती सरकवली. साठ टक्के वा अधिक पेशी असलेल्यांपैकी बहुतेकांच्या अवयवांना दोन वर्षांत इजा होते, असं दिसून आल्यामुळे इजेची वाट न पाहता त्यांनाही उपचार द्यायचे ठरलं. न्यायदर्शनात संशयापासून निर्णयापर्यंतची वाट दोन्ही बाजू तपासून जाते. हे निदान त्याच वाटेनं जातं, पुरावा उघड ठेवतं आणि चुकलं तर दुरुस्त होतं. ‘भोग आहे’ या निर्णयामागचा पुरावा मात्र कोणालाच तपासता येत नाही.

श्रद्धावान म्हणेल, कर्मसिद्धान्त खोटा ठरवता का? मुळीच नाही, तो मानूनच बोलतो. प्रारब्ध भोगल्यावरच कळतं, असं तोच सिद्धान्त सांगतो. मग हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम तपासण्याआधीच ज्याला ते कळलं, त्यानं न मिळालेल्या ज्ञानावर हक्क सांगितला. शिवाय संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय हे प्रारब्धाबाहेरचं का मानायचं? प्रयत्नावर इतका भर देणाऱ्या समर्थांच्या तालुक्यात तरी हे पटायला हरकत नसावी. आणि वाट पाहणं निरुपद्रवीही नसतं: कंबरेसाठी घेतलेली डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं मायलोमानं आधीच जेरीला आलेली मूत्रपिंडं आणखी बिघडवतात.

एक आक्षेप मात्र मला खरोखर वजनदार वाटतो. पन्नाशीपुढच्या सुमारे तीन टक्के लोकांच्या रक्तात असा छोटा सुळका सापडतो, आणि त्यातल्या वर्षाला साधारण एक टक्क्यालाच पुढे रोग होतो. उरलेल्यांना आयुष्यभराची धास्ती कशाला? म्हणूनच धडधाकट गावाची सरसकट तपासणी करा असं मी म्हणणार नाही. हटणार नाही अशी कंबरदुखी, कारण न सापडणारा रक्तक्षय, वाढलेलं क्रिएटिनिन अशी लक्षणं जमली तरच शोध घ्यावा. सत्तरीतल्या एखाद्याच्या मज्जेत बारा टक्के पेशी निघाल्या, अवयव शाबूत असले आणि जोखीमही कमी असली, तर डॉक्टरही औषध न देता थांबायलाच सांगतात. पण पुढे तीन-चार महिन्यांनी कोणती तपासणी करायची आणि कोणता आकडा वाढला तर उपचार सुरू करायचे, हे डॉक्टरांच्या कागदावर आधीच लिहिलेलं असतं.