मापट्यात मावेल एवढा सण

डिसेंबर उजाडला की बारामती-इंदापूरकडच्या दुकानांतही लाल टोप्या आणि लाल मोजे लटकू लागतात. बालवाडीतून सांताच्या पोशाखाचा निरोप येतो आणि घरात दोन तट पडतात. आजोबांना हे परक्यांचं खूळ वाटतं. सूनबाई म्हणते, पोरं हरखतात तर बिघडलं कुठं? ज्यांच्या घरी नाताळ हा घरचाच सण आहे, त्यांच्यापुढे हा प्रश्न नाही. पण बाकीच्यांनी या वादात शिरण्याआधी तो मोजा नीट पाहावा.

चौथ्या शतकात मायरा इथं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानात, निकोलस नावाचे बिशप होते. एका गरीब बापाच्या मुलींच्या लग्नासाठी त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं, अशी आख्यायिका आहे. ते सोनं मोज्यात पडलं, असंही सांगतात. त्यातून पुढं रूढ झालेला नाताळचा मोजा साधा, रोजच्या वापरातला असे. त्यात एखादं संत्रं, मूठभर अक्रोड-बदाम, एखादं नाणं. थंड मुलखात ऐन हिवाळ्यात संत्रं ही अपूर्वाईची चीज होती. त्या मोज्याकडून घेण्यासारखं एवढंच: त्याचं माप. मोजा भरला की आई-बापाची हौस तिथंच थांबे.

असंच माप आपल्याकडेही आहे आणि नाताळानंतर तीनच आठवड्यांनी त्याची वेळ येते. संक्रांत ते रथसप्तमी या दिवसांतलं बोरन्हाण. काळं झबलं घातलेलं पोर पाटावर बसतं. गळ्यात काटेरी हलव्याची माळ, हातात हलव्याचेच वाळे. त्यातला एखादा दाणा ते आधीच चाटून बघतं. औक्षण होतं आणि मग डोक्यावरून मापटं ओततात: बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, भुईमुगाच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे. पोर क्षणभर बावरतं, तोवर भोवतालची पोरं तुटून पडलेली असतात. ऋतू बदलताना बाळाला बाधा होऊ नये, ही त्यामागची समजूत. ती कुणी मानो न मानो, त्या दोन मिनिटांची गंमत खरीच असते.

या मापट्यात आपला अख्खा तालुका मावतो, हे मात्र सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. बारामतीचे दोन भाग आहेत. नीरा डाव्या कालव्याखालचा बागायती पट्टा उसाचा. जानेवारीत माळेगाव, सोमेश्वर, तिकडे इंदापूर तालुक्यात भवानीनगर, सगळीकडे गाळप जोरात असतं. सुपे-मोरगावकडचा भाग जिरायती. तिथं ज्वारी, हरभरा आणि बांधावरची गावठी बोरं. पाण्यावरून ज्यांचं वर्षानुवर्षं वाजत आलं, त्या दोन्ही भागांचं पीक पोराच्या डोक्यावरून एकत्र सांडतं. चार वर्षांच्या मुलीला 'हे बोर कुठलं, हा ऊस कुठला' एवढं सांगितलं तरी भूगोलाचा पहिला धडा होतो. बाजारातल्या चॉकलेटाला असा पत्ता नसतो.

अडचण अशी की माप सुटत चाललं आहे. मागं फुग्यांची कमान, मुलाच्या नावाचा फलक, फोटोग्राफर, आलेल्या प्रत्येक पोराला परतभेट आणि मापट्यात निम्म्याहून अधिक चॉकलेट. यावर दोन गोष्टी ऐकायला मिळतात. एक, काळ बदलतो. दुसरी, हौसेला मोल नाही. पहिली मान्य. शेतकरी घरांत सुगडाचं वाण पिढ्यान्‌पिढ्या आहे. बोरन्हाण मात्र अनेकांकडे अलीकडेच आलं. म्हणजे ही परंपरा तिथं नव्यानंच सुरू होते आहे आणि ती कशी असावी हे ठरवायची मोकळीक आहे. दुसरी गोष्ट मात्र पटत नाही. पहिल्या मुलाच्या वेळी हॉल घेतला की दुसऱ्याच्या वेळी हात आखडतो आणि प्रथा तिथंच संपते. शेजारणीलाही वाटतं, एवढं जमणार नसेल तर नकोच.

म्हणून मापटं घरचं असावं आणि त्यात जाईल ते हंगामातलं असावं. ते भरायचं काम मुलांकडे द्यावं. आदल्या दिवशी शेंगा निवडणाऱ्या पोराला सण कळतो, नुसत्या पाटावर बसवलेल्याला फोटो. तान्ह्याच्या डोक्यावर हलके चुरमुरे पुरेत. शेंगदाणा, हरभरा, बोराची बी चिमुकल्यांच्या श्वासनलिकेत अडकू शकते. ते मोठ्या भावंडांनी वेचावं.

आणि बोलवायचं कुणाला? बोरन्हाणासोबत हळदीकुंकू ठेवतात आणि नवरा गेलेली आजी आतल्या खोलीत बसून राहते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवांविषयीच्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आपल्या गावाचा ठराव होईल तेव्हा होवो. घरातलं पहिलं मापटं आजीच्या हातून ओतायला ठराव लागत नाही. शिवाय याच दिवसांत गावाबाहेर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात. ज्या करव्यांवर आपली पोरं तुटून पडतात, तो ऊस तिथल्या पोरांच्या आई-बापांनी तोडलेला असतो. त्या पोरांना वेचायला बोलावलं तर मापटं आणखी एकदा भरावं लागेल, इतकंच.

मोजा टांगावा की नाही, हा वाद त्यापुढे किरकोळ आहे. ज्यांना हौस आहे त्यांनी खुशाल टांगावा. कसोटी दोन्हींना एकच. पुढच्या वर्षी हेच पुन्हा करायला कर्ज, रजा किंवा मंडप यांपैकी काहीच लागणार नसेल आणि 'आपलं मापटं कधी?' असं पोरानंच विचारलं, तर परंपरा सुरू झाली असं समजावं.