पी. पी. वायफाय

नैतिक पेचप्रसंग माणसावर कुरुक्षेत्रावर येतात, अशी माझी आपली समजूत होती. माझ्यावर तो डोंबिवली पूर्वेला आला, भाड्याच्या घरात, एका रविवारी संध्याकाळी. आणि तेव्हा मी शेजारच्या काकूंच्या टीपॉयखाली ओणवा होतो.

आमची नौपाड्यातली इमारत पुनर्विकासाला गेली आणि आम्ही अकरा महिन्यांच्या कराराने ठाण्याहून इथं आलो. घरमालकांनी करारात एक कलम आवर्जून घातलं होतं : भिंतींना भोकं पाडायची नाहीत. त्यामुळे इंटरनेटची वायर दाराच्या चौकटीशी आधीच असलेल्या भोकातून जेमतेम आत आली आणि तिथंच, चपलांच्या स्टँडवर, आमचा राउटर विराजमान झाला. परिणामी जिना चढणाऱ्या दूधवाल्याला आमचं वायफाय झकास मिळे. आतल्या खोलीत यायला मात्र त्याला दोन भिंती आणि एक लोखंडी कपाट ओलांडावं लागे. लोखंड पाहिलं की या लहरी माघारी फिरतात, असं चिरंजीवांनी सांगितलं. मी कपाट दोन फूट सरकवलं. त्यात माझी कंबर सरकली. सिग्नल होता तिथंच राहिला.

जुलैच्या पावसात कुठंतरी आमची वायर तुटली. राउटरवर लाल दिवा लागला. ‘उद्या माणूस येईल’ हे वाक्य तीन दिवस ऐकून झालं. तेव्हा शेजारच्या काकूंनी आपणहून पासवर्ड दिला. नातवाचं नाव आणि पुढे त्याचं जन्मसाल. “तुमचं सुरू होईपर्यंत वापरा हो!” म्हणाल्या.

चौथ्या दिवशी आमचं सुरू झालं. पण काकूंचा राउटर आमच्या आतल्या खोलीच्या भिंतीला पाठ लावून बसलेला. आमच्या घरात आमच्यापेक्षा त्यांचं वायफाय चांगलं! एकदा कळलेला पासवर्ड फोन विसरत नाही. तो आपला मुकाट्यानं काकूंच्या राउटरला जाऊन चिकटे. मीही काही विसरलो नव्हतो. फक्त आठवण काढत नव्हतो.

मनातला वकील फी न घेता काम करतो. तो म्हणाला, लहर आपल्या पायांनी तुझ्या घरात येते. शेजारच्या साजूक तुपाच्या वासाचं कुणी बिल पाठवतं का? शिवाय २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा सरकारनं २००५ सालीच परवान्यावाचून वापरायला मोकळा केला आहे. हवा कुणाच्या मालकीची नाही! हवेचं ठीकच होतं. पण त्या हवेच्या पलीकडे एक वायर होती आणि तिचे पैसे काकू भरत होत्या, हा मुद्दा विरुद्ध पक्षानं मांडायचा. आणि विरुद्ध पक्ष त्या वेळी देवाजवळ दिवा लावत होता.

अशात ऑक्टोबर उजाडला. एका रविवारी काकूच दारात. “जरा येता का? नातू गोठतो हो!” नातू टोरांटोला. दर रविवारी आपल्या साडेसातला, म्हणजे त्यांच्या सकाळी दहाला, आजी-नातवाची भेट. गेले कित्येक रविवार नातवाचं तोंड उघडं ते उघडंच राही, आणि कंटाळून पोरगं पाच मिनिटांत उठून जाई.

मी तज्ज्ञाच्या थाटात गेलो. राउटर बंद केला, मिनिटभर थांबून चालू केला. स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह चालू नाही ना, ते पाहिलं. तोही त्याच २.४ च्या आसपास गुरगुरतो आणि वायफायच्या बोलण्यात तोंड घालतो. काहीच सापडेना. शेवटी राउटरवरचा पासवर्ड वाचायला टीपॉयखाली शिरलो, आणि या राउटरला कोणकोणती यंत्रं जोडली आहेत, ती यादी फोनवर उघडली. काकूंचा फोन. काकूंचा टीव्ही. चिरंजीवांचा लॅपटॉप, चारशे फोटो वर चढवण्यात गर्क. आणि शेवटी ‘बाबांचा फोन’.

बाबा टीपॉयखाली होते.

काकू चहा करायला आत गेल्या होत्या. दोन बटणं दाबली असती की यादी स्वच्छ, नातू हलता, आणि वर माझ्या हुशारीचं कौतुक. माझं बोट तिथवर गेलंही होतं. तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या. “माझंच चुकत असेल हो. मुलगा म्हणतो, आई, तू फोन नीट धरत नाहीस. हल्ली मी दोन्ही हातांनी धरते.”

दोन्ही हातांनी! मग मात्र मी सगळं सांगून टाकलं. काकू क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “अहो, मग विचारायचं होतं! नाही म्हटलं असतं का मी?”

पूर्वी टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. तेव्हा आमच्या वडिलांनी लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर छापला होता, पुढे ‘पी. पी.’ अशी दोन अक्षरं घालून. पण त्या फोनसाठी दर खेपेला शेजाऱ्यांच्या हॉलमधून, त्यांच्या जेवणाच्या ताटांवरून नजर चुकवत जावं लागे. हातात फोन आणि तोंडावर संकोच. तो संकोच हाच त्या उधारीचा मीटर होता. किती घेतलं, हे तो बरोबर सांगे. वायफायनं तारेबरोबर तो मीटरही काढून टाकला. शेजाऱ्याच्या घरात पाऊल न टाकता आपण दिवसभर त्याच्या घरात बसलेले असतो, आणि आपल्यामुळे त्याचं काय कमी झालं, ते आपल्याला दिसत नाही.

घरी येऊन मी घरमालकांना फोन लावला. आतल्या भिंतीला एक भोक पाडू का? ते म्हणाले, “पाडा की! जाताना बुजवा म्हणजे झालं. इतके महिने विचारलं का नाहीत?”

एकाच संध्याकाळी हा प्रश्न मला दुसऱ्यांदा विचारला गेला होता.

आता आमचा राउटर आतल्या खोलीत आहे आणि दूधवाला खट्टू. रविवारी साडेसातला भिंतीपलीकडून नातवाचे मराठी पाढे स्पष्ट ऐकू येतात. परवा तो बारावर अडखळला आणि माझ्या तोंडून ‘बारा साते चौऱ्यांशी’ मोठ्यानं निघून गेलं. पलीकडून काकूंचा आवाज आला, “बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका!”