आजी झिजली, म्हणजे काय?

आजी गेली की घरातल्या कुणाच्या तरी स्टेटसवर एक वाक्य हमखास येतं : ‘आयुष्यभर चंदनासारखी झिजली.’ वाक्य प्रेमाचं असतं, खोटंही नसतं. पण चंदन आपोआप झिजत नाही. कुणीतरी ते सहाणेवर उगाळत असतं. उगाळणारे हात कुणाचे, एवढं मात्र त्या वाक्यात येत नाही.

माझ्या आजीचा एकादशीला कडक उपास असे. त्या दिवशी तिचं काम दुप्पट व्हायचं. उपासवाल्यांसाठी भगर आणि दाण्याची आमटी, बाकीच्यांसाठी रोजची पोळी-भाजी. कुणाला तिखट सोसत नाही, कुणाची गोळी जेवणाआधी असते, सगळं तिच्या डोक्यात. हरिपाठाला ती बसायची ती शेवटचं ताट उचलल्यावर. तिच्या घरात देवाचा नंबरही सगळ्यांच्या नंतर लागायचा.

हे सगळं तिनं स्वतः निवडलं होतं का?

‘ती आनंदानं करायची,’ हे एक उत्तर. ते फार सोयीचं आहे. तिच्या आनंदाची खात्री देणारे बहुतेक वेळा पाटावर बसून जेवणारेच असत. ‘तिच्यावर लादलं होतं,’ हे दुसरं. त्यात तथ्य आहे. सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या. घरकाम करणारे पुरुष ९७. हा फरक काही स्वभावातून येत नाही. पण एवढंच म्हणून थांबलो, तर आजी फक्त बिचारी उरते. मानेला हात लावून ताप ओळखणारी, सुनेच्या गप्प बसण्यावरून ती जेवली नाही हे ताडणारी आजी त्यात कुठे बसते?

मला वाटतं, दोन्ही गोष्टी एकाच वेळी म्हणायला हव्यात. सक्ती घराची होती, माया तिची होती. भाकरी थापायला तिला कुणीही सांगू शकत होतं. खरपुडी आवडणाऱ्या नातवासाठी ती बाजूला काढून ठेवायला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या गोष्टीचा राग यावा आणि दुसरीची आठवण यावी. एकीनं दुसरीवर पांघरूण घालू नये.

श्रद्धेनं तिला सोसायला शिकवलं, असंही म्हटलं जातं. पण जात्यावर बसलेल्या बायका मुक्या नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यांत विठ्ठलाची ओढ आहे, तशी सासुरवासाची तक्रारही आहे. आणि वारकरी परंपरेत जनाबाईची कथा आहे. गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात नामदेवांच्या घरी दळणकांडण करायची. कथेतला विठ्ठल तिच्याकडे येतो तेव्हा तिच्या कष्टांची थोरवी गात बसत नाही. जात्यापाशी बसतो, खुंटा धरतो आणि दळू लागतो.

सेवा करणाऱ्या माणसाशी कसं वागावं, हे यापेक्षा साधं कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. आजीच्या पिढीनं ही कथा शेकडो वेळा ऐकली. घरातल्या पुरुषांनीही ऐकली, हात जोडले आणि ‘चहा टाक गं’ म्हणाले. कथेतल्या देवाला नमस्कार करणं सोपं असतं, त्याच्यासारखं जमिनीवर बसणं अवघड.

म्हणून आजीची आठवण काढायची तर फोटोला हार घालण्यापुरती काढून भागत नाही. तिला जे येत होतं ते शिकावं लागतं : पथ्य लक्षात ठेवणं, आजाऱ्याशेजारी न कंटाळता बसणं, न सांगता कळणं. नातवांनीही, नातींइतकंच. नाहीतर तिचं ओझं फक्त आईकडे सरकतं, आणि पुढच्या स्टेटससाठी तेच वाक्य तयार राहतं.

आज रात्री तुमच्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवणार आहे, ते बघा. स्टेटस नंतरही टाकता येईल.