पडलेल्या घरांचे ऋण

मोहाचा त्याग हा ज्या धर्मविचाराचा पाया आहे, त्या विचारात वाढलेल्या माणसाने जमीनदोस्त झालेल्या घरांच्या हकिकती जपाव्यात काय, हा प्रश्न वरकरणी केवळ भावनेचा वाटला, तरी मुळात तो तत्त्वज्ञानाचा आहे. कारण प्रत्यक्ष देहाचीही आसक्ती धरू नये असे जिथे बालपणापासून कानी पडते, तिथे विटा-चुन्याच्या चार भिंतींसाठी कागद आणि शाई खर्च करण्याचे समर्थन सहजासहजी करता येत नाही.

मुंबईच्या पार्ले या उपनगराचेच उदाहरण घ्यावे. मुंबईत 1896 साली प्लेगची साथ उद्भवली, आणि त्यानंतरच्या दशकांत शहरातील कोंदट वस्तीला विटलेली अनेक कुटुंबे आगगाडीच्या भरवशावर साष्टीतल्या गावांकडे वळली. पार्ल्यात 1921 साली टिळक विद्यालय निघाले, 1923 साली लोकमान्य सेवा संघ स्थापन झाला, आणि या संस्थांच्या आसपास कौलारू छपरांची, पुढे ओटा व मागे विहीर असलेली, अंगणात सोनचाफा किंवा अनंत जोपासणारी बैठी घरे उभी राहिली. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने हस्तांतरणीय विकास हक्कांची तरतूद केली, उपनगरांत वाढीव चटईक्षेत्र वापरता येऊ लागले, आणि वाटण्या, वाढता खर्च व जमिनीचे चढते भाव यांच्या रेट्यापुढे त्यांतली बहुतेक घरे एकामागून एक पडली. यात कोणाचा अपराध शोधण्याचे कारण नाही. जुन्या घरातल्या गळक्या छपराखाली म्हातारपण काढणाऱ्यांना नव्या इमारतीत सुख लाभले, हेही तितकेच खरे आहे.

अशा घराचे सरकारदप्तरी काय उरते? मिळकत पत्रिकेवर नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारकाचे नाव आणि फेरफाराच्या नोंदी असतात. जुन्या खरेदीखतात चतुःसीमा दिलेल्या असतात आणि जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेप यांसह मिळकत खरेदी दिल्याचे नमूद असते. जमिनीत पुरलेले, कोणी न पाहिलेले धनही ज्या दस्ताने विसरले नाही, त्या दस्तात त्या घरी वाराने जेवून शिकलेल्या विद्यार्थ्याला स्थान नाही. आणि ज्या स्त्रीने चाळीस वर्षे तेथील चूल पेटती ठेवली, तिचे नाव बहुधा पतीच्या निधनानंतर, वारस म्हणून, प्रथमच त्या कागदावर चढते. दप्तर मालकी जाणते, वास्तव्य जाणत नाही.

पण पडलेल्या घराचे जपावे असे मुळात काही उरते का? बौद्ध भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारले होते की, रथ म्हणजे चाक, आस की जू. आणि यांपैकी कशातच रथ सापडत नाही असे दाखवून, रथ हे केवळ एक व्यवहारातले नाव आहे, हे त्याच्या गळी उतरवले होते. तीच कसोटी घराला लावली तर वासे, कौले, दारे वेगळी झाल्यावर शोक करावा असे काही उरतच नाही. नैयायिकांची भूमिका याहून निराळी: त्यांच्या मते अवयवी ही स्वतंत्र वस्तू असून अवयव विलग होताच ती नष्ट होते, परंतु तिच्या अनुभवाचा संस्कार आत्म्यात राहतो, आणि उद्बोधक मिळताच तो स्मृतिरूपाने जागा होतो. न्यायसूत्रांत अशा उद्बोधकांची लांबलचक गणना आहे, आणि तीत सादृश्य, सुख, दुःख यांच्या जोडीला वियोगही मोजलेला आहे. मात्र संस्कार ज्याचा त्याच्याबरोबर जातो. माणूस गेला की त्याची स्मृती जागवण्याचा मार्ग खुंटतो. म्हणून ती वेळीच शब्दांत उतरवणे आवश्यक ठरते.

मग मोहाचे काय? याचे उत्तर मला तुकोबांच्या चरित्रात सापडते. परंपरा सांगते की, त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली आणि पुन्हा त्यांचे नावही काढले नाही. पण त्याच नदीत अभंगांच्या वह्या बुडाल्या, तेव्हा मात्र ते तेरा दिवस अन्नपाणी वर्ज्य करून काठावर बसून राहिले. एकाच विरक्त पुरुषाने दोन कागदांविषयी दोन टोकांची वृत्ती धरावी, यात विसंगती नाही. पहिल्या कागदात ‘माझे’ म्हणण्याचा हक्क होता, दुसऱ्यात सर्वांना देण्याजोगा अनुभव होता. घराच्या बाबतीत हाच विवेक लागू पडतो: खरेदीखत कवटाळून बसणे हा मोह, आणि त्या घरात कोण राहिले, कोण शिकले, कोणाला आसरा मिळाला हे पुढच्यांच्या स्वाधीन करणे ही ऋणाची फेड. ज्या घरावर आपला कसलाही हक्क उरलेला नाही, त्याची हकिकत लिहिताना परिग्रहाला जागाच राहत नाही.

म्हणून, ज्यांच्या घराच्या पुनर्विकासाचा करारनामा उद्या-परवा नोंदवला जाणार आहे, त्यांना माझी विनंती आहे की सही करण्यापूर्वी एक वही घालावी. तीत घराचे नाव, बांधल्याचे साल, राहून गेलेली माणसे, भाडेकरू, मोलकरणी, विहिरीचे पाणी आणि अंगणातली झाडे लिहावीत. घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीला आधी विचारावे. आणि त्या वहीची एक प्रत गावातल्या वाचनालयात जमा करून रीतसर पोच घ्यावी. घर वाचवणे प्रत्येकाच्या हाती नसते, पण एवढे काम कोणालाही करता येते, आणि ते केल्याशिवाय सोडलेले घर हे पूर्णपणे सोडलेले नसते.