गोळीने उपवास मोडतो का?

"ताई, आज एकादशी. आज गोळी नको."

काका पाटण तालुक्यातले, गळ्यात तुळशीची माळ. वाशीच्या एपीएमसीत, कांदा-बटाटा मार्केटला, त्यांची टोळी गोण्या उतरवते. राहायला तुर्भ्यात, एका खोलीत चार गाववाले. १९६९च्या माथाडी कायद्यामुळे त्यांच्या मजुरीचा हिशेब बोर्डात लागतो. रक्तदाबाचा माझ्या वहीत. मी आशा सेविका. तिशीपुढच्यांचे फॉर्म भरायचे, त्यांना तपासायला आरोग्य केंद्रात न्यायचं, मग गोळी चुकत नाही ना ते बघायचं. १४०/९०पासून पुढे बीपी जास्त धरतात. काकांचं १६०/१०० भरलं होतं.

उपवासाचं उत्तर शास्त्रात आहे. देवळातल्या बुवांनी सांगितलं, व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टींत पाणी, फळं, दुधाबरोबर औषधही येतं. शेजारच्या खोलीतल्या, गोंड्याहून आलेल्या चाचांचं वेगळं. गोळी गिळली की रोजा तुटतो, पण आजाऱ्याला तो नंतर धरायची मुभा आहे. त्यांची अ‍ॅम्लोडिपिन दिवसातून एकदाच. डॉक्टरांना विचारून इफ्तारनंतर ठेवली. रोजाही राहिला, गोळीही.

काकांना बुवांचं म्हणणं सांगितलं. ते म्हणाले, "औषध आजाऱ्याला. मी कुठं आजारी? काल अख्खा ट्रक खाली केला."

इथे मी अडले. सवलत आजाऱ्याला, आणि हा आजार तर दुखतच नाही. देह त्यांचा, आणि त्याची साक्ष द्यायची माझ्या यंत्राने? उपवासाला साधं मीठ चालत नाही म्हणून काका शेंगदाण्याच्या आमटीत सैंधव घालतात. त्यातही सोडियमच. व्रतापुरतं मीठ बदललं, रक्ताला तेच पोचलं. देहाला आतलं सगळं कळतं, असं कसं म्हणू?

मी विचारलं, "काका, माळ घातलीत तेव्हा काही दुखत होतं?"

"माळेचं काय ताई, तो नेम."

"मग हाही नेमच धरा."

त्यांनी गोळी घेतली. जिना उतरताना मात्र मला टोचायला लागलं. नेम माणूस स्वतःहून घेतो. हा मी त्यांच्या गळ्यात घातला. त्यांच्या भक्तीला मी माझ्या वहीच्या कामाला जुंपलं.

पंधरा दिवसांनी पुन्हा एकादशी. मी विचारायच्या आत काकांनी पाकीट पुढे केलं. सकाळची गोळी घेऊन झाली होती.

"तुम्ही सांगितलं म्हणून नाही हां," ते म्हणाले.

त्या दिवशी जिना उतरताना काही टोचलं नाही.