दूधवाल्याच्या मागे

वाईच्या बाजारपेठेत नोकरी करणारा एक तरुण रोज संध्याकाळी सायकलवर पसरणीचा घाट चढायचा. वाई ते पाचगणी अंतर बारा-तेरा किलोमीटरच, पण चढ सहाशे मीटरच्या आसपास. कालच्यापेक्षा अर्धं मिनिट कमी लागलं की गडी खूश. जास्त लागलं की दुसऱ्या दिवशी आणखी जोर. वर्षभर हे चाललं. हिवाळ्यातल्या १०० किलोमीटरच्या शर्यतीत घाटात तो पुढच्या घोळक्यात होता, पण ७० किलोमीटरनंतर, सपाट रस्त्यावर, पायांतला दम संपला. एकेक करून सगळे पुढे निघून गेले.

पुढच्या मोसमासाठी त्याने ठरवलं, सुट्टीच्या दिवशी घाट दोनदा. त्यासाठी गिअर बदलायला तो सायकल दुरुस्त करणाऱ्या मामांकडे गेला. मामा तरुणपणी मुंबई-पुणे शर्यतीत उतरले होते. त्या शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. तो मान मामांना मिळाला नाही, पण घाट जिंकायच्या नादात पुढे कोण कसा गळतो, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं.

"गिअर ठीक आहेत. मोबाइल दाखव," मामा म्हणाले. नोंदींत रोजचे हृदयाचे ठोके सारखेच, १६०च्या आगेमागे.

"यातला अवघड दिवस कुठला?"

"सगळेच, मामा."

"आणि सोपा?"

तरुण गप्प.

"अरे, बी पेरून रोज उकरून बघितलं तर उगवेल का? आठवड्यातून एक दिवस घाट, तोही जीव तोडून. एक दिवस सायकलला हात लावायचा नाही. बाकी दिवस धोमच्या रस्त्याने, गप्पा मारता येतील एवढ्याच जोराने."

मामांनी अनुभवाने सांगितलं, ते नॉर्वेत काम करणाऱ्या स्टीफन सायलर या संशोधकाने अव्वल खेळाडूंच्या सरावात मोजून दाखवलं आहे: त्यांची साधारण ८० टक्के सत्रं सोपी असतात. संथ, लांब सरावाने स्नायूंतल्या केशवाहिन्या वाढतात, शरीर चरबी जाळायला शिकतं आणि स्नायूंतली साखर शेवटच्या तासासाठी शिल्लक राहते. ताकद वाढते ती विश्रांतीत. हौशी सायकलपटू नेमकं इथेच स्वतःवर अन्याय करतात, असं मला कळकळीने वाटतं. नोकरी सांभाळून मिळालेला तासभर घामाने चिंब झाला नाही, तर तो वाया गेला असं त्यांना वाटतं.

त्यालाही तसंच वाटलं. आषाढातली भुरभुर, मेनवलीच्या पुढचा रस्ता, घड्याळात १३०ची मर्यादा. मागून घंटी वाजली. दोन्ही बाजूंना किटल्या लटकवलेला एक दूधवाला काळ्या जुन्या सायकलवरून पुढे गेला. जाता जाता म्हणाला, "काय राव, हवा गेली काय?"

तरुणाने पेडलवर पाय दाबला. ठोके १४०, १४८. दूधवाला दहा हातांवर आला. मामांचे शब्द आठवले आणि त्याने पाय सैल सोडले. किटल्या वळणाआड गेल्या. अपमान एवढा झोंबला, की रात्री जेवण गोड लागलं नाही. घाट चढताना असा कस त्याचा कधी लागला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्याही. दूधवाला आता नुसता हात करायचा.

श्रावण सरता सरता एका संध्याकाळी तो दूधवाल्याच्या शेजारून चालला होता. म्हशी किती, फॅट किती लागतं, अशा गप्पा चालू होत्या. मध्येच त्याचं लक्ष घड्याळाकडे गेलं. ठोके तेच, १३०.

हिवाळ्यातल्या शर्यतीत ७० किलोमीटरचा दगड मागे पडला तेव्हा तो घोळक्यातच होता. शेवटच्या चढावर तिघे सुटून पुढे गेले, त्यांना मात्र तो गाठू शकला नाही.

"आता पुढे?" मामांनी विचारलं.

"घाटाच्या दिवशी चार-चार मिनिटांचे जोरदार तुकडे करीन म्हणतो. मध्ये पुरता श्वास घेऊन."

"आणि दिवस वाढवणार?"

"नाही मामा. घाट एकच दिवस. आणि हा पूर्ण आठवडा सायकल तुमच्याकडेच राहू द्या."